बांधाकडचा पाला

आमच्या शेडमधल्या अळ्या मरायला लागल्या, तेव्हा त्यांना चौथी कात टाकून तीन दिवस झाले होते. अजून चार-पाच दिवस पोटभर पाला खाल्ला असता तर त्या कोष करायला लागल्या असत्या. सकाळी मी दार उघडलं आणि आत पाऊल टाकायच्या आधीच वास आला, आंबूस आणि कुजका. आदल्या संध्याकाळी टाकलेल्या तुतीच्या फांद्या रॅकवर तशाच हिरव्यागार पडल्या होत्या. काही अळ्या डोकं वर करून नुसत्या थांबल्या होत्या. काहींच्या तोंडातून तपकिरी पाणी गळत होतं. एक उचलली तर ती बोटांवर ओल्या वातीसारखी लोंबली. खालच्या रॅकवर कितीतरी काळ्या पडून फुटल्या होत्या. वास त्यांचाच होता.

नवऱ्याला हाक मारली. त्यानं पाहिलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसला.

माझं माहेर देऊळगाव राजाकडचं, सासर मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या अलीकडे. एकाच जिल्ह्यातली दोन टोकं, पण बोली वेगळी. मी ‘मला’ म्हणायचे आणि सासरी सगळे हसायचे, कारण इकडे सगळं ‘मले’ आणि ‘तुले’. बुलढाण्याला कॉलेजात असताना मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले. लग्नानंतर त्याचा उपयोग दुधाला विरजण लावण्यापुरता राहिला, असं मी थट्टेनं म्हणायचे. तुती लावायची कल्पना माझी. जालन्याला कोषांचा बाजार आहे आणि माझ्या माहेरच्या शिवारात लोक हळूहळू रेशमाकडे वळत होते, ते मी पाहिलं होतं. नवऱ्याला पटवायला वर्ष गेलं. मग विहिरीपासून बांधापर्यंत तुती लागली आणि शेतातच पत्र्याची शेड उभी राहिली. दोन काती टाकलेल्या बारीक अळ्या, ज्यांना सगळे चॉकी म्हणतात, त्या आणायच्या आणि पुढचे अठरा-वीस दिवस त्यांना वेळेवर पाला घालायचा, असं हे काम. त्या दिवसांत घरात कोणी आजारी पडून चालत नाही.

सासूबाई मागोमाग आल्या. पदर नाकाला लावला.

“काय झालं वं?”

“रोग पडला, आई. पोटाचा दिसतो.”

“कायनं पडला?”

“अजून कळलं नाही.”

त्यांनी रॅकवर एक नजर टाकली. मग माझ्याकडे न पाहता मुलाला म्हणाल्या, “ही बाहेरची होती तवा आतमंदी जात होती. म्या दोनदा पाह्यलं. नाजूक जीव असते तो. त्याले चालत नाई.”

मी त्या वेळी हातात मेलेल्या अळ्यांचं घमेलं घेऊन उभी होते. मला वाटलं, नवरा काहीतरी बोलेल. तो बोलला नाही. तेवढ्यात माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, बांध ओलांडून आले. शेताची वाटणी झाल्यापासून आमच्या तुतीला लागून त्यांची कपाशी असते, मधे फक्त बांध. त्यांनी रॅकवरची एक फांदी उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि खाली ठेवली.

“बाईमानसाचं असंच असते,” ते म्हणाले. “हे काम तिच्या हाती द्यायलेच नको होतं. म्या आंधीच म्हनलो होतो.”

दिवसभर आम्ही मेलेल्या अळ्या बाहेर काढल्या. खड्डा खणला, त्यात थर टाकले, वरून चुना मारला. दुपारी भाकरी खायला बसलो तेव्हा नवऱ्यानं मला विचारलं.

“तू गेलती का शेडमंदी? त्या चार दिवसांत?”

आज इतक्या दिवसांनीही हे वाक्य आठवलं की माझ्या कानशिलात रक्त चढतं. तो मला विचारत होता! ज्याला प्रत्येक बॅचला माहीत होतं की मी जाते. स्वयंपाकघरात मी चार दिवस जात नसे, देवघराच्या आसपास फिरकत नसे, कोपऱ्यात वेगळी चटई टाकून झोपत असे. ते मी मुकाट्यानं करत आले होते, शिकलेली असून. पण शेडमध्ये मात्र मी बाहेरची नसायचे. कारण दिवसातून तीन वेळा पाला टाकायला हात लागायचे आणि ते हात माझे होते. फांद्या तोडायला तोच मला उठवायचा. तेव्हा त्यानं कधी तारीख विचारली नाही.

“गेले होते,” मी म्हणाले. “याही बॅचला गेले, मागच्याही बॅचला गेले, त्याच्या मागच्याही. मागच्या बॅचचे कोष तुम्ही जालन्याला नेले, तेव्हा व्यापाऱ्यानं हातात घेऊन दाबून पाहिले आणि चांगले म्हणाला. ते काहून चांगले झाले मग?”

“म्या फक्त इचारलं.”

“काहून विचारलं?”

तो भाकरी मोडत राहिला. मी उठले. त्या दिवशी माझ्याच्यानं जेवण झालं नाही.

दोन दिवसांत गावभर झालं. पाण्याच्या टाकीवर एकीनं मला अगदी मायेनं सांगितलं, “सांभाळावं बाई आपलं आपण.” जे बोलायचं होतं ते इतकं होतं की कुठून सुरू करावं ते कळेना.

खरं सांगायचं तर माझ्या मनातही एक बारीक किडा वळवळला होता. विटाळाचा नव्हे. माझ्या हातांचा. मी निर्जंतुकीकरण नीट केलं होतं का? पाला ओला तर टाकला नाही ना? शेड थंड राहावी म्हणून लावलेलं गोणपाट जास्त भिजवलं असेल का? मरणाऱ्या अळीच्या पोटात काय चाललंय ते पाहिल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. रॅकवर अजून जीव धरून असलेल्या थोड्या आजारी अळ्या मी एका बाटलीत घेतल्या. शेजारच्या गावात आमच्यासारखीच रेशीम करणारी एक बाई होती, तिच्याकडून थोड्या निरोगी अळ्या दुसऱ्या बाटलीत घेतल्या आणि बुलढाण्याची एसटी धरली.

कॉलेजात माझ्या जुन्या मॅडम अजून होत्या. त्यांनी ओळखलं, चहा पाजला आणि प्रयोगशाळेतलं कोपऱ्यातलं एक टेबल मला दिलं. कितीतरी वर्षांनी मी काचपट्टी हातात धरली. अळीच्या पोटातला एक थेंब, पसरवायचा, ज्योतीवरून फिरवायचा, जांभळा रंग, पाणी, मग पुढचे रंग. हाताला सगळं आठवत होतं. त्या अर्ध्या तासात मला रडू यायला लागलं होतं, पण मॅडम समोर होत्या म्हणून आवरलं.

सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी अळीच्या थेंबात जिवाणू दिसले, पण विरळ. कुठं गोल, कुठं दांडीसारखे, कुठं जोडीनं. आजारी अळीच्या थेंबात दुसरं काही दिसतच नव्हतं, एकाच तऱ्हेच्या गोल जिवाणूंच्या साखळ्याच साखळ्या. रानात एकच तण माजावं तसं.

मॅडमनी पाहिलं. म्हणाल्या, “हे बाहेरून आलेलं नवीन काही असेलच असं नाही. असे जिवाणू निरोगी अळीच्या पोटातही थोडे असतात. बाकीचे जिवाणू, पोटातला रस, पाला, हे सगळं ठीक असलं की ते मर्यादेत राहतात. काहीतरी बिघडलं की माजतात.”

“काय बिघडलं असेल?”

“उष्णता. खराब पाला. पाल्यावर काही पडलं असेल. सूक्ष्मदर्शक अळी मेल्यानंतरची गोष्ट सांगतो गं. कशामुळे ते तुलाच शोधावं लागेल.”

मी घरी येऊन हे सगळं सासूबाईंना सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. बहुतेक मला कोणाला तरी सांगायचंच होतं आणि नवऱ्याशी मी बोलत नव्हते. त्या तूर पाखडत होत्या. मी म्हणाले, की अळी अंड्यातून निघते तेव्हा तिच्या पोटात फारसं काही नसतं. ती पहिलं पान खाते आणि पानावरचे जिवाणू तिच्या पोटात जातात. मातीतले जातात, पाण्यातले जातात, पाला तोडणाऱ्या हातावरचेही जातात. त्यातले काही तिथंच राहतात आणि पाला पचायला मदत करतात. ते बिघडले की अळी बिघडते.

सासूबाईंचं सूप थांबलं.

“हातावरचे म्हंजे तुह्येच ना?”

एवढं सगळं ऐकून त्यांनी हेच धरलं. माझा जीव असा जळाला! पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, हेही मला कळत होतं.

“माझे. तुमचेही, आई. यांचेही. सगळ्यांच्या हातावर असतात. महिन्याच्या चार दिवसांत ते काही वेगळे होत नाहीत.”

“तुले काय मालूम?”

“मला शिकवलंय.”

“पुस्तकात,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी तुतीत फिरायला लागले. विहिरीकडून सुरुवात केली आणि एकेका ओळीनं बांधाकडे गेले. विहिरीकडच्या झाडांवर मुंग्या होत्या, ढालकिडे होते, पानाखाली कोळ्यांची जाळी होती. बांधाकडच्या शेवटच्या चार-पाच ओळींत काहीच नव्हतं. एक मुंगी नाही. पानांवर वाळलेल्या थेंबांचे फिकट ठिपके होते, बांधाकडच्या बाजूला जास्त, आत यावं तसे कमी. त्या बॅचच्या शेवटी आम्ही पाला याच ओळींतून तोडला होता, कारण तिकडची पानं मोठी आणि गर्द होती.

तुती लावली तेव्हाच मी भासऱ्यांना विनवून सांगितलं होतं, की कपाशीवर औषध मारायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, आम्ही बांधाकडचा पाला आधी काढून ठेवू किंवा तिकडचा तोडणारच नाही. अळीला त्याचा वारासुद्धा सोसत नाही. ते म्हणाले होते, “सांगतल्याशिवाय पंप उचलनार नाई.”

मी त्यांच्या अंगणात जाऊन विचारलं, “दादा, कपाशीवर काही मारलं होतं का तुम्ही? अळ्या चौथ्या कातीवर होत्या आणि आम्ही शेगावला लग्नाला गेलो होतो, त्या दिवशी?”

“म्या? नाई बाप्पा. म्या तर पंपाले हातच नाई लावला यंदा.”

“पानांवर ठिपके आहेत.”

“दवाचे असन.”

ते माझ्या डोळ्यांत पाहून बोलले. मला त्यांनी शेडमध्ये उचललेली ती फांदी आठवली. उलटीपालटी करून त्यांनी काय पाहिलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. पण कळणं आणि दाखवून देणं यात फरक असतो. मी घरी आले. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “दादा खोटं कायले बोलन?”

म्हणजे भाऊ खोटं बोलणार नाही, हे त्याला न विचारता माहीत होतं. बायकोला मात्र विचारावं लागलं.

मग मी ठरवलं. कॅलेंडरवर तारीख पाहिली आणि वाट पाहिली.

शेजारच्या गावातल्या त्या बाईकडे तेव्हा नवी बॅच चौथ्या कातीवर होती. तिला मी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, “घेऊन जा. पन मलेबी सांगजो काय झालं ते. माया सासूचंबी असंच हाये.” कात टाकून नुकत्या उठलेल्या अळ्यांची एक टोपली मी आणली. माझी पाळी त्याच दिवशी सकाळी आली होती.

मी टोपली घेऊन सासूबाईंसमोर गेले.

“आई, या अळ्यांचे दोन भाग करायचे. दोन वेगळे ट्रे, शेडच्या दोन टोकांना. एकाला विहिरीकडचा पाला घालायचा, एकाला बांधाकडचा. विहिरीकडचा पाला मी तोडणार आणि मीच घालणार. आज माझा पहिला दिवस आहे. बांधाकडचा तुम्ही तोडा, तुम्हीच घाला. मी तुमच्या ट्रेच्या जवळसुद्धा येणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण सासूबाईंचं एक आहे, त्या लबाड नाहीत. डोक्यात जे आहे ते तोंडावर आणि एकदा कबूल केलं की मागे हटत नाहीत.

“अन् माह्या अळ्या जगल्या, तुह्या मेल्या तं?”

“तर मी पुन्हा शेडमध्ये पाय ठेवणार नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “अळ्या म्या वाटनार. तू नाई.”

त्यांनीच वाटल्या. एक इकडे, एक तिकडे, तूर निवडावी तशा. धडधाकट दिसणाऱ्या चार अळ्या त्यांनी आपल्या ट्रेमध्ये जास्त टाकल्या, ते मी पाहिलं आणि बोलले नाही. शेड आम्ही आधीच धुऊन, चुना मारून, बंद ठेवून निर्जंतुक केली होती. हात दोघींनीही प्रत्येक वेळी साबणानं धुवायचे, असं ठरलं. त्या स्नान करून, धुतलेलं लुगडं नेसून येत. जणू पूजेलाच निघाल्यात. मी पोटात कळा येत असताना, कंबर धरून, विहिरीकडच्या फांद्या तोडत होते आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होते. भासऱ्यांना, नवऱ्याला, टाकीवरच्या त्या बाईला, कोपऱ्यातल्या चटईवर इतकी वर्षं गप्प झोपलेल्या मला स्वतःला.

मला भीती नव्हती असं नाही. औषध पानात किती दिवस टिकतं, हे मला नक्की ठाऊक नव्हतं. मधे बरेच दिवस गेले होते. दोन्हीकडच्या अळ्या जगल्या असत्या तर मी काय सिद्ध केलं असतं?

पहिले दोन दिवस दोन्ही ट्रे सारखेच. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई त्यांच्या ट्रेजवळ वाकून उभ्या होत्या. मी माझ्या टोकाला होते.

“ह्या खाऊन नाई राह्यल्या,” त्या म्हणाल्या.

मी जागची हलले नाही. ठरलं होतं तसं.

चौथ्या दिवशी त्यांच्या ट्रेमध्ये दहा-बारा अळ्या मऊ पडल्या. पाचव्या दिवशी वास सुटला. सासूबाई काळ्या पडलेल्या अळ्या काठीनं बाजूला करत होत्या. माझ्या ट्रेमधल्या अळ्या देठापर्यंत पाला खात होत्या. त्यांतल्याही दोन-तीन मेल्या, तेवढ्या कोणत्याही बॅचला मरतात, आणि त्याही मी त्यांना बोलावून दाखवल्या. सातव्या दिवशी माझ्या अळ्या पिवळसर झाल्या, अंगातून उजेड आरपार दिसायला लागला. मी त्यांना कोष करायच्या जाळीवर, चंद्रिकेवर, सोडलं. सासूबाईंच्या निम्म्याहून जास्त अळ्या गेल्या होत्या. ज्या राहिल्या त्यांचे कोष कागदासारखे झाले.

सासूबाईंनी त्यांचा एक कोष आणि माझा एक कोष दोन हातांत घेतले. दाबून पाहिले. मग दोन्ही कनवटीला खोचले आणि सरळ थोरल्या मुलाच्या अंगणात गेल्या. मी मागून गेले. नवराही आला.

“तुनं औषद मारलं होतं का कपाशीवर?” त्यांनी विचारलं.

“माय, म्या सांगतलं ना...”

“माह्या डोक्यावर हात ठेवून सांग.”

भासऱ्यांनी हात उचलला नाही. अंगणातल्या जमिनीकडे पाहत राहिले.

“थोडंसंच मारलं,” ते म्हणाले. “मावा लय झाला होता. हे लोक शेगावले गेलते, सांगू कोनाले? हवा उलटी फिरली मधात. मले काय मालूम एवढं होईन?”

“फोन नव्हता का?” मी विचारलं.

त्यांनी खांद्यावरचा रुमाल झटकला.

“बरं, मारलं. चुकलं. पण त्या दिवशी शेडमध्ये तुम्हाला माहीत होतं. तुम्ही फांदी उचलून पाहिली. मग मी हाताशी सापडले म्हणून माझ्यावर ढकललं? गावात बायका मला काय काय बोलल्या, ते तुम्ही ऐकत होता ना?”

मी त्यांच्याशी त्याआधी कधी मान वर करून बोलले नव्हते. माझा आवाज इतका चढला की शेजारचे दोघं-तिघं कुडाशी येऊन उभे राहिले. नवऱ्यानं माझ्या दंडाला धरलं.

“जाऊ दे आता. झालं ते झालं.”

मी हात झटकला. “झालं नाही. केलं. यांनी केलं आणि तुम्ही मला विचारलं!”

त्यानंतर आठ दिवस आमच्या घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. नव्या बॅचची चॉकी आणायची वेळ आली. नवरा म्हणाला, “उद्या जातो आनायले.” मी म्हणाले, “आणा. पाला तुम्हीच घाला. मी शेडमध्ये येणार नाही.”

“आता काऊन? आता तं समद्याइले कळलं ना.”

“कोणाला कळलं? कुडाशी उभ्या असलेल्या दोघा-तिघांना. माझं नाव घेतलं तेव्हा शेडच्या दारात आणि पाण्याच्या टाकीवर सगळ्यांसमोर घेतलं. तसंच सगळ्यांसमोर सांगा, बॅच कशानं गेली ते. आणि तुम्ही मला काय विचारलं होतं तेही सांगा.”

“हे माह्यानं होनार नाई. दादाची अब्रू जाईन.”

“माझी गेली तेव्हा चाललं.”

चॉकी आली. दोन दिवस त्यानं एकट्यानं केलं. फांद्या तोडणं, वाहणं, टाकणं, विष्ठा काढणं, शेड झाडणं. तिसऱ्या दिवशी तिसरी कात बसली, तेव्हा पाला बंद ठेवायचा असतो, म्हणून त्याला थोडी उसंत मिळाली. मी ओसरीवरून पाहत होते. मला दया आली नाही. सासूबाई त्याच्या मदतीला गेल्या नाहीत, हे मला नवल वाटलं.

त्याच दिवशी आसपासच्या गावांतले रेशीमवाले आमच्या शेडवर जमले. रेशीम कार्यालयातले साहेब माहिती द्यायला यायचे होते. वीस-पंचवीस माणसं, त्यात सहा-सात बायका, आणि अळ्यांची टोपली देणारी ती शेजारच्या गावची बाईही. साहेबांनी विचारलं, “तुमची मागची बॅच कशानं गेली हो?” नवऱ्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

“दादानं कपाशीवर औषद मारलं होतं,” तो म्हणाला. “बांधाकडच्या पाल्यावर आलं. थोडंसंच आलं, म्हनून अळी एकदम नाई मेली. पोट बिघडून मेली. हिनं शोधून काढलं.” तो थांबला. वाटलं, एवढंच सांगून सुटेल. “आमी हिच्यावर घेतलं होतं. म्याबी हिले इचारलं, बाहेरची असून आत गेलती का म्हनून. इचारायले नोको होतं.”

साहेबांनी घसा खाकरून बांधाकडच्या ओळींबद्दल बोलायला सुरुवात केली, की दोन पिकांमध्ये आडोसा लावा, फवारणीआधी एकमेकांना सांगत जा. चार हात लांब भासरे उभे होते, ते मधेच निघून गेले. आजपर्यंत ते माझ्याशी बोलत नाहीत. फवारणी असली की बांधावरून मोठ्यानं ओरडतात, “उद्या पंप हाये,” आणि तोंड फिरवतात. मला तेवढं पुरतं.

कात संपल्यावर संध्याकाळचा पाला मी घातला. नवरा आणि मी एकेका टोकापासून टाकत मधे आलो. तो म्हणाला, “सांगतलं ना म्या.” जणू माझ्यावर उपकार केले. मी म्हणाले, “हो, सांगितलं.” राग गेला का? नाही गेला. माझं खरं ठरायला दोन ट्रे, एक टोपली अळ्या आणि सात दिवस लागले. त्यांचं खोटं एका वाक्यात खरं ठरलं होतं. याचा हिशोब माझ्या मनात कधी मिटेल असं वाटत नाही.

चटई मात्र मी कोपऱ्यातून उचलली. सासूबाईंनी पाहिलं. पुढच्या महिन्यात मी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला, पोळ्या केल्या. त्या ओसरीवर बसून होत्या. जेवायला वाढताना मी लोणच्याच्या बरणीकडे हात नेला तशा त्या ताडकन उठल्या.

“अळ्यांचं मानलं म्या. लोनच्याले हात नोको लावू. ते नासते.”

मी झाकण काढलं. कोरड्या चमच्यानं लोणचं काढलं आणि तिघांच्याही ताटात वाढलं. नवऱ्यानं लगेच खाल्लं. सासूबाईंनी ताटातली फोड बोटानं कडेला सारली आणि वरणभात जेवल्या. दुसऱ्या दिवशी बरणी माळ्यावर गेलेली होती, माझा हात पोचणार नाही अशी. मी स्टूल आणलं.